घरातला आवाज

"माझ्यावर कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही, बुवा. मग हे डबडं तरी का ठेवील?"

सारजाबाईनं कॉम्प्युटरकडं बोट केलं. आठवडी बाजारात सुकी मासळी विकून तापलेला गळा. मठाची खिडकी हादरली.

गुंडोबुवांचे दोन्ही डोळे गेलेले. कॉम्प्युटर एका भक्तानं दिलेला. बुवा बोलायचे, तो लिहायचा, आणि लिहिलेलं वाचून दाखवायचा. म्हणून तर बाई तीन कोस चालून आली होती. तिची शाळा चौथीपर्यंत. अर्ज लिहून देणारे तिचं बोलणं धुऊन-पुसून मऊ करून टाकायचे.

तिची चौदा वर्षांची लेक फुला. पोटात दुखत होतं. डॉक्टरनं एक गोळी देऊन घरी धाडली, आणि संध्याकाळी पोर गेली. त्या डॉक्टरवर तक्रारीचा अर्ज करायचा होता. तिच्याच शब्दांत.

"बोल," बुवा म्हणाले. "आधी त्याला तुझ्या आवाजाची ओळख होऊ दे."

"लिही रे मुडद्या! त्या डॉक्टरनं माझी पोर मारली!"

"आवाज ओळखता आला नाही," कॉम्प्युटर म्हणाला. "पुन्हा बोला."

"बघा! हाही त्यांनाच सामील!"

बुवा हसले नाहीत.

"हा बाजारातला गळा, बाई. त्याला घरातला दे. सकाळी पोरीशी बोलायचीस ना, तसं. चार-पाच वाक्यं बास."

"हात्तिच्या, एवढंच?" तिनं पदर खोचला, माईकपाशी वाकली.

"ऊठ गं फुले. उन्हं आली... चहा निवतोय... टोपली घे डोक्यावर..."

आवाज खाली येत गेला. तिचं तिला कळलं नाही.

"...पुरे झाली नाटकं. पोटबिट काही दुखत नाही तुझं. बाजार बुडतो माझा. चल."

...

"आवाज ओळखला," कॉम्प्युटर म्हणाला. मग त्यानं ऐकलेलं सगळं वाचून दाखवलं. टोपली. नाटकं. पोट.

सारजाबाईनं खोचलेला पदर सोडला.

"बुवा... डॉक्टरकडं मी तिला तिसऱ्या दिवशी नेली. त्याआधी दोन गावचे दोन बाजार... दोन बाजार केले तिच्या डोक्यावर टोपली देऊन."

बुवांनी माईक चाचपून तिच्याकडं सरकवला.

म्हणाले, "अर्जाची पहिली ओळ रिकामी आहे. अर्ज कुणावर?"

"डॉक्टर..." ती बुवांकडं वळली. "त्याचं लिहायचंच आहे. सोडत नाही त्याला. पण आधी..."

"आधी?"

ती माईककडं वळली. "आधी माझं लिही."

"आधी माझं लिही," कॉम्प्युटरनं वाचून दाखवलं.

"नाव लागतं," बुवा म्हणाले. "माझं म्हणजे कुणाचं, ते कागदाला कसं कळणार?"

तिनं छातीभरून श्वास घेतला, बाजारात घेते तसा.

बुवांनी चाचपत हात पुढं केला, तिच्या डोक्यावर ठेवला.

"ओरडू नकोस... घरातल्या आवाजात सांग, सारजाबाई."