पंचवीस फेऱ्यांचा तक्ता

सूर्य मावळायच्या आत पाचशेला तीन कमी एवढी ज्वारीची पोती नदीपार व्हायची होती, आणि निवळी संस्थानच्या घाटावर नाव होती एक. तीही तळाशी गळकी.

हा उद्योग दिवाणांच्या भाच्याचा. विश्वंभरपंत त्याचे नाव. राजेसाहेबांनी आपल्या खर्चाने त्याला तीन वर्षे शहरात ठेवले होते, आणि तो व्यापारी गणिताची पदवी घेऊन परतला होता. पदवीचा कागद त्याने दोन हात लांब सागवानी फळीवर डकवून घेतला होता. पंत जाईल तिथे एक गडी ती फळी उचलून मागे चाले.

लष्कराचा तळ नदीपलीकडे, पण लष्कराच्या नावची अडीचशे पोती अलीकडच्या कोठारात. अन्नछत्र अलीकडे, तर त्याच्या नावची दोनशे सत्तेचाळीस पोती पलीकडच्या कोठारात. पंताने तक्ता मांडला. नावेत मावतात दहा पोती. जाताना लष्कराची न्यायची, येताना अन्नछत्राची आणायची. फेऱ्या पंचवीस, फेरीला एक घटका. दिवस तीस घटकांचा, म्हणजे जेवायलासुद्धा पाच घटका उरल्या. राजेसाहेबांनी खूश होऊन सही ठोकली.

सकाळीच घाटावर राजेसाहेबांसमोर हुकूम वाचला गेला. माल पोचला नाही, तर नावेचा हक्क म्हादबा भोयाच्या घरातून निघून पंताकडे जाणार होता. म्हादबा गुडघे धरून घरी बसलेला. नाव चालवायची त्याची लेक सारजा. त्या नावेवर घरातली सहा तोंडे जेवत होती.

"सरकार," सारजा म्हणाली, "एका फेरीला तीन घटका लागतात. दिवसाला दहा फेऱ्या होतात, अकरावी नाही."

"नदीची रुंदी भागिले नावेचा वेग," पंत म्हणाला. "एक घटका. यात चूक नाही."

"आणि पोती चढवायची, उतरवायची?"

पंताने तक्त्यात पाहिले. तिथे ते नव्हते.

"पंत, तीन वर्षं काय शिकलात हो?" सारजाने विचारले.

"पहिल्या वर्षी टक्केवारी. दुसऱ्या वर्षी संभाव्यता. तिसऱ्या वर्षी मालाची वाहतूक, कमीत कमी फेऱ्यांत."

"नाव होती का तिथं?"

"फळ्यावर काढली होती."

घाटावरचे चार हमाल खाली बघून हसले. राजेसाहेब मात्र हसले नाहीत. "सुटलेला हुकूम आम्ही परत घेत नाही," ते म्हणाले. "पोचवलंस तर मागशील ते देईन. नाहीतर नाव सोड." आणि पालखी वळली.

सारजाने पंताकडे पाहिले. मग त्याच्या मागच्या फळीकडे जरा जास्त वेळ पाहिले. मग ती रिकामी नाव घेऊन पलीकडे गेली, तिथल्या कोठावळ्याशी चार शब्द बोलली, दोन पोत्यांत हात घालून दाणे पाहिले आणि परत आली. आल्यावर झाडाखाली बसून भाकरी खाल्ली.

दुपारी पंत आला. "किती फेऱ्या झाल्या?"

"अजून एकही नाही."

"म्हणजे हरलीस. उद्यापासून नाव माझी."

"उद्या उजाडू तर द्या, पंत."

दिवस कलला तशी ती अलीकडच्या कोठारावर गेली. दारावर पाटी होती, 'लष्कर'. ती तिने खिळ्यावरून उतरवली.

"अगं, पाटी कुठं नेतेस?" कोठावळा ओरडला.

"लष्कर जिथं आहे तिथं. आणि काका, तीन पोती काढा."

तीन पोती आणि एक पाटी घेऊन नाव गेली. परत आली तेव्हा नावेत दुसरी पाटी होती, 'अन्नछत्र'. सारजाने ती त्याच रिकाम्या खिळ्यावर अडकवली. सूर्य अजून हातभर वर होता.

राजेसाहेब आले. "माल कुठं आहे?"

"पोचला, सरकार. पलीकडं दोनशे सत्तेचाळीस होती, तीन नेली, लष्कराची अडीचशे भरली. इथं अडीचशे होती, तीन गेली, अन्नछत्राची दोनशे सत्तेचाळीस उरली. एकच माप, एकाच सुगीची ज्वारी. मोजून घ्या."

"ही लबाडी आहे!" पंत पुढे झाला. "पोती जागची हललीच नाहीत. लष्कराची ज्वारी वेगळी, अन्नछत्राची वेगळी."

"वेगळी असेल तर पंतांना ओळखू येईलच." सारजा कोठारात गेली आणि दोन मुठी भरून आली. "यातली लष्कराची कुठली?"

पंताने दाणे निरखले. चोळले. एक चावून पाहिला. शेवटी म्हणाला, "डाव्या हातातली. दाणा टपोरा आहे."

"दोन्ही मुठी एकाच पोत्यातल्या, सरकार. कोठावळेकाकांना विचारा."

कोठावळ्याने मान हलवली. राजेसाहेबांनी ओठ दाबून धरले, पण ते जमेना.

"पंत, तुमच्या फेऱ्या किती होत्या?"

"पंचवीस," पंत पुटपुटला.

"हिची एक. तीसुद्धा निम्मी रिकामी!" आणि राजेसाहेब असे हसले की पालखीचे भोई खांदा द्यायचे विसरले. "माग, पोरी. काय हवं?"

"नाव तर आमच्याकडंच राहिली. पण ती तळाला गळते, सरकार. फळी हवी. पंतांच्या मागं आहे ती सागवानी दिसते."

"माझी पदवी!" पंत किंचाळला.

"कागद तुमचा तुम्हाला. मला भिजलेल्या कागदाचा काय उपयोग?"

पंताने राजेसाहेबांकडे पाहिले. राजेसाहेब डोळे पुसत म्हणाले, "सुटलेला हुकूम आम्ही परत घेत नाही. कागद जपून सोडवा रे, त्यावर आमची तीन वर्षं गेली आहेत."

त्याच संध्याकाळी फळी नावेच्या तळाला ठोकली. तासावी लागली नाही की कापावी लागली नाही. माप सारजाने सकाळीच घेतले होते, नजरेने.