चाखण्याचा सैल पोशाख

मोरवडच्या राजवाड्यातल्या सुभानाचं पोट गेलं, पण पोटाचं कातडं मागे राहिलं. झोळीसारखं पार मांडीपर्यंत लोंबायचं. उन्हाळ्यात वळ्यांत घाम साचून जखमा व्हायच्या, रात्ररात्र डोळ्याला डोळा लागायचा नाही. शल्यवैद्य म्हणाले, "जास्तीचं कापून शिवून देतो." त्यांचा मोबदला ऐकून सुभाना मटकन खाली बसला. कातडं त्याच्यामागून जरा सावकाश बसलं.

सुभाना महाराजांचा चाखण्या होता. विषाची भीती म्हणून प्रत्येक पदार्थ आधी त्यानं खायचा, मग महाराजांनी. वाड्याचा नियम कडक होता. चाखण्याचं ताट राजाच्या ताटाएवढंच हवं, आणि न चाखलेला घास राजाच्या तोंडी जाता कामा नये. वीस वर्षं लाडू, बासुंदी चाखून सुभाना असा फुगला की त्याला लांबून बघताच पालखीचे भोई गल्ली बदलायचे. मग राजवैद्यांनी महाराजांना पथ्य लावलं. कारली, मुगाचं कढण आणि चतकोर भाकरी. चाखण्यालाही तेच. वर्षभरात सुभाना निम्मा झाला.

"शेजारची पोरं विचारतात, आजोबांनी धोतराखाली काय चोरून आणलंय," त्याची बायको भागीरथी म्हणाली. "अहो, महाराजांच्या कानावर तरी घाला."

"काय घालू? माझं कातडं शिवून द्या म्हणून?" सुभाना म्हणाला. मग त्याला वाड्याचा आणखी एक नियम आठवला. शिपायाचा अंगरखा सैल झाला, तर तो सरकारी खर्चानं आवळून मिळायचा. सुभानानं आपली झोळी हातात धरून जरा तोलून पाहिली.

दुसऱ्या दिवशी तो दरबारात उभा राहिला. "महाराज, माझा पोशाख सैल झालाय. सरकारी खर्चानं आवळून मिळावा."

"मग शिंप्याकडे जा."

"शिंपी भितो, महाराज. सुई लावली की पोशाख ओरडतो." आणि सुभानानं बंडी वर केली.

दरबारी तोंडाला शेले लावून हसू लागले. महाराजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे कातडं आहे. सरकारनं दिलेला असेल तोच पोशाख."

"मग हा कोणी दिला? चाकरीला आलो तेव्हा मी काडी होतो. आपल्या मुदपाकखान्यानंच हा वीस वर्षं खपून शिवला. शिपाई घरी जाऊन अंगरखा खुंटीला टांगतात. मी एक दिवस उतरवला नाही."

महाराज हट्टाला पेटले. "शिवला आम्ही, कबूल. पण सैल आम्ही केला नाही. वर्षभर आम्हीही तीच कारली खाल्ली. हे आमचं पोट बघ, तसूभर हललं नाही! तू आपल्या हौसेनं वाळलास. आमच्या मुदपाकखान्यानंच तुला वाळवलं, हे सिद्ध कर. नाही तर ते कातडं खांद्यावर टाक आणि कामाला लाग."

महाराज चोरून खातात म्हणावं, तर मान जाणार. गप्प बसावं, तर जखमा राहणार. सुभानानं खाली आपल्या झोळीकडे पाहिलं, जणू तिचाच सल्ला घेतोय.

"सिद्ध करतो, महाराज. पण भीती वाटते."

"कसली?"

"आपल्या जिवाची."

दरबाऱ्यांच्या तोंडावरचे शेले खाली आले.

"मी चाखलेलं तेवढंच आपल्या पोटात गेलं असतं, तर आज आपणही माझ्यासारखे लोंबत असता. आपण तर गच्च आहात. म्हणजे मी न चाखलेलं काहीतरी रोज आपल्या पोटात जातंय. वाड्यात कोणीतरी दगाबाज आहे. झोपेत आपल्याला बेसनाचे लाडू भरवतो. पकडा त्याला, महाराज! फार लांब गेला नसेल. त्याच्या हाताचा चुरा अजून आपल्या मिशीला आहे."

महाराजांचा हात मिशीकडे गेला. बोटाला बेसन लागलं. मग आधी महाराजांचं पोट हललं, आणि त्यामागून हसू आलं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"शल्यवैद्याला बोलवा! याचा पोशाख आमच्या खर्चानं मापात करा, आणि वर नवा अंगरखा द्या. आता सांग चाखण्या, त्या दगाबाजाला शिक्षा काय?"

"एकच, महाराज. इथून पुढे मला चाखवल्याशिवाय त्यानं लाडू खायचा नाही."

"अरे, मग तुझी शिवण उसवेल की!"

"म्हणूनच शल्यवैद्यांना आधीच सांगतो," सुभाना बंडी खाली करत म्हणाला, "शिवताना थोडी माया सोडा."