वाफेचे उपकार

फार पूर्वी, वारे पाखरांशी बोलत असत तेव्हाची ही गोष्ट. शुभ्रा नावाची हंसीण पिलाला घेऊन, उंचावरच्या वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडत होती. अर्ध्या वाटेत वारा मंदावला. पिलाचे पंख भरून आले आणि खाली तर नुसतं पाणी.

तेवढ्यात खाली समुद्रावर उठलेल्या वादळातून उबदार वाफ वर येऊ लागली.

"दूर हो! आधीच आमचा जीव टांगणीला लागलाय," शुभ्रा खेकसली.

"मला वर जाऊ द्या, ताई," वाफ म्हणाली.

वरच्या गारठ्यात तिचे ढग झाले आणि तिने जपलेली सगळी ऊब हवेला देऊन टाकली. ती हवा फुगली, पसरली आणि वाऱ्याला बाजूने रेटू लागली. वारा सुसाट सुटला. दिवस मावळण्याआधी मायलेकरं किनाऱ्याला लागली.

"तुमचे उपकार कसे फेडू, वारादादा?" शुभ्राने विचारलं.

"माझे कसले? मी तर दमलो होतो. मला बळ दिलं त्या वाफेनं."

"कुठे आहे ती?"

"ती काय, पाऊस होऊन येतेय."

सर आली तसं पिलू पंख झटकू लागलं.

"झटकू नकोस, बाळा," शुभ्रा मान लववून म्हणाली, "थोडा वेळ राहू दे अंगावर."