दोन तोंडांचा कातळ

फोटो मग काढा, आधी या कातळावर टेका. बसायला दोन खोलगट जागा आहेत बघा, पाठीला पाठ लावून. एक समुद्राकडे, एक घाटाकडे. मथुरेने बसून बसून झिजवल्या, असं आमचे म्हातारे सांगत.

मथुरेचा नवरा धाकू गलबतावर तांडेल होता. जाताना म्हणाला होता म्हणे, "संध्याकाळी शुक्र दिसेल, त्याच्याकडे बघत जा. मीही बघेन." ती रोज दिवेलागणीला इथे येई. सगळी गलबतं परतली, धाकूचं नाही. शुक्रही खाली खाली उतरत एक दिवस दिसेनासा झाला. झालं! शुक्र बुडाला, धाकूही बुडाला, आता बांगड्या फोड, म्हणून गाव तिच्यामागे लागलं. बाई कसली ऐकते! बांगड्यांचे हात पोटाशी धरून इथेच बसून राहिली.

अन् एका पहाटे सहज मागे वळली, तर घाटमाथ्यावर शुक्र! पहाटेची चांदणी निराळी, असंच तोवर सगळे धरून चालत. दर्यावरची माणसं आम्ही, घाटाकडे बघतो कोण? मथुरा म्हणाली, "हा तोच. सूर्याला वळसा घालून मागच्या दाराने आलाय." तेव्हापासून ती पहाटे घाटाकडे तोंड करून बसू लागली.

पुढे बऱ्याच वर्षांनी शेजारच्या सोनायचा नवरा पांडू असाच हरवला. शुक्रही तेव्हा मावळलेला. लोक बांगड्या फोडायला जमले, तर मथुरा आडवी आली. शुक्र घाटावर येईपर्यंत थांबा म्हणाली. थांबले बापडे. शुक्र उगवला त्याच पहाटे एक माणूस घाट उतरताना तिला दिसला. म्हातारी धावत सुटली हो, पदराची शुद्ध नाही! जवळ गेली, तर पांडू. गलबत दूर कुठेसं फुटलं, तिथून चालत आलेला. मथुरेने पदर सावरला अन् म्हणाली, "जा बाबा, सोनाय वाट बघतेय."

धाकू काही आला नाही. मथुरा गेली तीही हिरव्या बांगड्यांनिशीच.

आजही समुद्रावर कुणी हरवला, तर शुक्र घाटावर दिसेपर्यंत त्याच्या बायकोच्या बांगड्यांना आमच्याकडे कुणी हात लावत नाही. आज पहाटे तुम्ही घाट उतरून आलात, तेव्हा आमची सून धावत बाहेर आली आणि तुमची तोंडं बघून आत गेली. राग मानू नका. माझा मुलगा अजून परतलेला नाही, आणि शुक्र उगवायचाय.