पडद्यावरची फाट

राजाच्या शिपायांना घाटापर्यंत पोहोचायला आठवडा लागे आणि गोष्ट मात्र एका दिवसात गावोगाव पोहोचे, अशा जुन्या काळी घाटाच्या पायथ्याशी विणकरांचं एक गाव होतं.

दरवर्षी सुगी संपली की तिथे एक बाहुलेवाला येई. चामड्याच्या बाहुल्या दिव्यापुढे नाचवून तो पडद्यावर सावल्यांचा खेळ करी. गावाचा रिवाज असा, की पडद्याचं कापड पाळीपाळीने एकेका घराने द्यायचं.

या खेळाचा नायक होता धुमाजी दरोडेखोर. हा खराखुरा माणूस. त्याच घाटात तो वाटसरूंना लुटायचा. पण खेळातला धुमाजी काय वर्णावा! बाहुलेवाला त्याची बाहुली दिव्याच्या अगदी जवळ धरी, म्हणून तिची सावली पडदाभर पसरे. पिळदार मिशा, डोक्याला रुमाल, हातात लांबलचक तलवार. आणि लुटला जाणारा? त्याची बाहुली एकच: ढेरपोट्या, लटपटत्या गुडघ्यांचा 'थरथऱ्या'. तो दिसला की गाव पोट धरून हसे.

हळूहळू गावातली तरणी पोरं डोक्याला काळे रुमाल बांधू लागली. बाजारात म्हाताऱ्यांच्या टोपल्या हिसकावून ओरडू लागली, "आम्ही धुमाजीची माणसं!" धुमाजी स्वतः गावात उतरला, तर घराघरांत त्याला जेवण मिळे. वर लपायला माळाही मिळे.

बाहुलेवाल्याला कोणी विचारलंच, तर तो हसून म्हणे, "अहो, खेळ तो खेळ! बाहुली बघून कोणी चोर होतं का?"

त्याच गावात एक विणकर होता. कापड विकायला निघाला असताना धुमाजीने त्याला लुटलं होतं. त्या दिवशी तो उजव्या हाताची चार बोटं गमावून परतला आणि पुन्हा मागावर बसला नाही. काय घडलं ते त्याने कधी सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं, की कोणीतरी गुडघे लटपटवून दाखवी आणि सगळे हसत. पोरं त्याला थरथऱ्याच म्हणत. त्याच्या मुलाला, हैबतीला, बापाची लाज वाटे.

एका वर्षी खेळाच्या दिवशी हैबती आईला म्हणाला, "आज खेळ संपला, की मी घाट चढणार. धुमाजीने बोलावलंय."

"बापाचा हात बघून जातोस?"

"बघूनच जातोय. मला नाही थरथऱ्याचा पोर म्हणून जगायचं."

आई म्हणाली, "जा. पण खेळ बघून जा. यंदा पडदा आपल्या घरचा आहे."

दिवेलागण झाली. गाव जमलं. घाईघाईत बांधलेल्या पडद्यामागे बाहुलेवाल्याने दिवा पेटवला आणि पुढे बसलेल्यांची कुजबुज सुरू झाली. पडद्यावर मोठा काळपट डाग होता. त्याच्या मधोमध हातभर लांब फाट होती. धुमाजी ऐटीत आला, पण त्याच्या छातीतून दिव्याचा उजेड थेट लोकांच्या डोळ्यांत घुसू लागला.

बाहुली तशीच पडद्यापाशी खोचून बाहुलेवाला चिडून बाहेर आला. "बाई, हे कसलं कापड दिलंत? विणकर ना तुम्ही? नवं द्या की!"

हैबतीची आई उभी राहिली. "नवं विणणारा हात याच धोतराने गुंडाळून घरी आला होता, दादा. डाग त्याचाच आहे. आणि फाट तुमच्या नायकाच्या तलवारीची."

कोणीतरी सवयीने फिसकन हसलं. बाकी कोणी हसलं नाही.

तेव्हा विणकर उठला. पडद्यामागे गेला. धुमाजीची बाहुली जिथे धरत, तिथे, दिव्याला लागून, त्याने आपला तुटका हात धरला. एका अंगठ्याच्या त्या हाताची सावली पडदाभर पसरली. धुमाजी तिच्यात बुडून गेला.

"गाठोडं सोड म्हणाला," विणकराचा आवाज आला. "ते माझं एकट्याचं नव्हतं. अख्ख्या आळीची मेहनत होती त्यात. मी नाही सोडलं. म्हणून त्याने बोटं कापली."

हैबती जागचा उठला. त्याने डोक्याचा काळा रुमाल ओढून काढला आणि पडद्यामागे जाऊन बापाचा तो हात दोन्ही हातांत धरला. पडद्यावर आता दोघांची सावली होती.

"बाबा," तो म्हणाला, "उद्या मला मागावर बसवा."

एकामागून एक काळे रुमाल धुळीत पडले.

काही दिवसांनी धुमाजी नेहमीसारखा घोड्यावर बसून, मिशा पिळत गावात उतरला. हैबती का आला नाही, हे त्याला विचारायचं होतं. एकही दार उघडलं नाही. समोरून हैबती आला आणि त्याने घोड्याचा लगाम धरला. दोन्ही बाजूंच्या आळ्यांतून माणसं निघाली. ज्यांच्या टोपल्या लुटल्या गेल्या होत्या, त्या म्हाताऱ्याही निघाल्या.

"अरे, मी धुमाजी! ओळखलं नाही का?"

"आत्ताच तर ओळखलं, मेल्या!" एक म्हातारी म्हणाली.

त्याची तलवार म्यानातून निघेपर्यंत दहा हातांनी त्याला खाली खेचलं. विणकरांनी त्याला सुताच्या दोरांनी बांधलं आणि शिपाई येईपर्यंत चावडीच्या खांबाशी बसवून ठेवलं. सगळ्यांनी पाहिलं, त्याचेच गुडघे लटपटत होते.

पुढच्या सुगीला बाहुलेवाला आला, तो नवी बाहुली कोरून. चार बोटं नसलेला विणकर. धुमाजीही खेळात होताच, पण दिव्यापासून दूर; त्याची सावली जेमतेम वीतभर. लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या, की घाटाने त्या परत ऐकवल्या. आणि पडदा? गावाने पाळीचा रिवाज मोडला. त्या वर्षीपासून तेच फाटकं धोतर लागू लागलं.

ज्याला आपण दिव्याजवळ धरतो, त्याचीच सावली आपल्या मुलांवर पडते.