कललेली फटफटी

"तेल कुठं गेलं?"

निंबगडचे सरकार गरजले आणि सदरेवरचे सगळे ताठ झाले. एकटा गुणाजी खांबाला टेकला होता, तोही दचकून सरळ झाला.

सरकारांची लाडकी फटफटी सदरेवरच, गादीच्या डाव्या हाताला, बाजूच्या टेकूवर ऐटीत डावीकडे कललेली असे. तिची पुसापुशी आणि तेलबदल गुणाजीकडे. आईबापांनी आपलं नाव घाईत ठेवलं, गुण मागाहून येतील म्हणून वाट पाहिली आणि थकले, असं तो स्वतःच सांगे. उभ्या उभ्या डुलकी काढणं ही त्याची एकमेव विद्या, पण तीही खांबाशिवाय जमत नसे. आणि सदरेवर तर सरकारांचा सक्त कायदा : आमच्यापुढं कुणीही कलून उभं राहायचं नाही, कलला की अंगणात उन्हात उभा! त्या कायद्यापायी गुणाजीनं निंबगडात सगळ्यात जास्त ऊन खाल्लं होतं.

फटफटीच्या इंजिनाला उजव्या अंगाला काचेचा गोल डोळा होता. त्यावर दोन रेघा. तेल त्या दोन रेघांच्या मध्ये दिसलं म्हणजे बेताचं. पण गुणाजीनं जुनं तेल काढून नव्याचा अख्खा डबा रिचवला, तरी डोळा कोरडाच!

"निम्मं घरी नेलं असणार," दिवाणजी म्हणाले. "बायको भजी तळत असेल!"

"दिवाणजी, जेवायला या एकदा. चवीवरनं वळखाल!"

"बडबड पुरे! अजून ओत!" सरकार ओरडले.

गुणाजीनं दुसरा डबा फोडला. डोळ्यात तेल दिसू लागलं. सरकारांनी खूश होऊन किक मारली आणि फटफटीनं असा धूर ओकला, की सगळी सदर खोकत अंगणात पळाली. दिवाणजींचं पागोटं आतच राहिलं.

"एक तर तेल दिसत नाही, नाहीतर धूर!" सरकार संतापले. "उद्या सदर भरली की तेल दोन रेघांत दिसलं पाहिजे, आणि धुराचा मागमूस नको. आणि खबरदार! फटफटी आहे त्या जागेवरून कुणी तसूभर हलवायची नाही. मागं पुसता पुसता पाडली होतीस!"

"आन् न्हाई जमलं तर, सरकार?"

"तर तू चोर! गाढवावर उलटा बसून गावभर फिरशील!"

गाढवाचं गुणाजीला फारसं वाटलं नाही. बसायला तरी मिळालं असतं. पण चोर हा शब्द त्याच्या काळजाला लागला. आळशी तो होताच, बिनडोकही असेल, पण चोर? उद्या बायकोनं, साळूनं, पाणवठ्यावर मान कशी वर करायची?

संध्याकाळी तो घराच्या मेढीला टेकून, एका अंगावर रेलून बसला. साळूनं ताकाची वाटी हातात दिली.

"अर्धीच दिलीस?" गुणाजी कुरकुरला. "चोराला ताकबी कमी व्हय?"

"काठोकाठ दिलीया! तुमी कललाय, तुमच्यासंगं वाटी कललीया. ते बघा, पल्याडनं धोतरावर सांडतंय. सरळ बसा जरा!"

गुणाजी सरळ बसला. वाटी भरलेली दिसली. तो पुन्हा कलला. अलीकडचा काठ कोरडा! तो इतक्या जोरात हसला, की उरलेलं ताकही धोतरावर गेलं. जन्मभराचं टेकणं आज पहिल्यांदा कामी आलं होतं.

सकाळी लवकर जाऊन त्यानं फटफटीतलं सगळं तेल काढलं, नवा एकच डबा ओतला आणि खांब शोधला.

सदर भरली. सरकारांनी किक मारली. फटफटी छान फटफटली, धूर मात्र निघाला नाही! थोडा वेळ तशीच टेकूवर चालू ठेवून सरकारांनी ती बंद केली.

"जरा दम धरा, सरकार. वर उडालेलं तेल खाली बसू द्या."

तेल खाली बसलं. सरकारांनी वाकून पाहिलं. डोळा ठणठणीत कोरडा!

"गाढव आणा रे!" दिवाणजी आनंदानं ओरडले.

"आणा," गुणाजी म्हणाला, "पर सरकार, त्याच्या आधी एक फिर्याद हाय. तुमच्या सदरेवर कुणीतरी रोज कायदा मोडतंय."

"कोण तो? नाव सांग!"

"सरकारांची फटफटी! म्या खांबाला टेकलो की उन्हात. ही बया तुमच्या अगदी पुढ्यात एका पायावर कलून उभी! म्या टेकलं की गुन्हा, आन् हिनं टेकलं की ऐट?"

"अरे, यंत्राला कसला कायदा!" दिवाणजी म्हणाले.

"हुकूम 'कुणीही' असा हाय, दिवाणजी. 'फटफटी सोडून' असं दवंडीत न्हवतं. म्या नीट ऐकलंय. उन्हात उभा हुतो, तवा दुसरं काम न्हवतं."

सरकार मिशीला पीळ देत राहिले. या कायद्यापुढं त्यांनी सख्ख्या सासऱ्यांनाही ताठ उभं केलं होतं. आता मागं कसं फिरणार?

"सरळ करा तिला!"

कुणीच हललं नाही. फटफटी हलवायला मनाई होती.

"सरकारांच्या हुकमानं आमचे हात बांधलेत," गुणाजी म्हणाला. "मोकळे हात एकट्या सरकारांचेच."

सरकार उठले. त्यांनी दोन्ही मुठी धरून फटफटी ताठ उभी केली. काचेच्या डोळ्यात मधाच्या रंगाचं तेल हळूहळू चढलं आणि दोन रेघांच्या बरोबर मध्ये थांबलं.

"आँ! हे आलं कुठून?"

"हितंच हुतं, सरकार. कालचा दुसरा डबा जादा झाला, म्हून धूर. तिचं बी माझ्यावानीच हाय. टेकलं की आतलं सारं एका बाजूला! टेकल्यावर माझी अक्कल कुठं जाते, असं दिवाणजी रोज इचारत्यात. अशीच कलंडत आसंल!"

सरकारांना हसू आवरेना. "हा चोर नाही, दिवाणजी! गावात दवंडी द्या, याच्या बायकोच्या कानावर जाईल अशी! आणि गुणाजी, माग काय हवं ते!"

"एक खांब द्या, सरकार. टेकायला."

"दिला! गादीजवळचा पहिला खांब आजपासून तुझा. कायदा त्याला लागू नाही!"

एवढं बोलून सरकारांना पुन्हा हसण्याची उबळ आली. फटफटी दिवाणजींच्या हातात देऊन ते पोट धरून मागं सरले आणि पाठीमागच्या खांबाला टेकले.

गुणाजीनं लवून मुजरा केला.

"सरकार, त्यो खांब माझा हाय!"