देवडीवरचा अनुभव

आंबेगडच्या राजवाड्याला देवडीवाला हवा होता. राजे भुजंगरावांनी दवंडी पिटवली, "ज्याला याच देवडीवर काम केल्याचा अनुभव असेल, त्यानंच यावं!"

आता गंमत अशी, की या देवडीवर जन्मभर एकटा बाजाबाच उभा होता. आलेल्या-गेलेल्याला वाट दाखवून पाय दुखले, तसा तो लेकीकडे राहायला गेला. म्हणजे अनुभव असलेला माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच, आणि नेमकी त्यालाच नोकरी नको!

दिवाण निळोपंत चाचरत म्हणाले, "महाराज, असा दुसरा माणूस मिळायचा कुठून?"

"ते त्या माणसानं बघावं. नवशिका मला नको. शिकेपर्यंत माझं डोकं खाईल."

महाराजांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

ही दवंडी नदीकाठी येसूच्याही कानावर पडली. येसू नावाड्याची लेक. महाराजांनी नदीवर नवा पूल बांधला, लोक ऐटीत चालत पलीकडे जाऊ लागले आणि येसूच्या बापाची नाव काठावर पालथी पडली. तिच्याखाली शेजारणीची कोंबडी अंडी घालायची. ती अंडीसुद्धा शेजारीणच घेऊन जायची.

"आबा, मी जाते वाड्यावर," येसू म्हणाली.

"अगं, तुला कुठला आलाय अनुभव?"

"इथं बसून तर नाहीच यायचा."

वाड्यासमोर ही गर्दी! पिंपळाखाली शंभूभट नावाचे एक गृहस्थ उमेदवारांची तयारी करून घेत होते. सगळ्यांचे अर्ज त्यांनीच सांगितलेले, त्यामुळे प्रत्येक अर्जाची सुरुवात एकच होती : 'मला बालपणापासून देवडीची अतोनात ओढ आहे.'

"महाराजांनी विचारलं, तुझ्यात दोष कोणता, तर?" शंभूभट गरजले.

"कामावाचून झोप येत नाही!" सगळे एका सुरात.

"शाब्बास. आणि मुजरा करताना पागोटं धरा. परवा एकाचं महाराजांच्या ताटात पडलं." मग त्यांचं लक्ष येसूकडे गेलं. "काय गं पोरी, अर्ज कुठाय?"

"नाही लिहिला."

"मुजरा येतो?"

"वाकता येतं. नावेतलं पाणी उपसायची सवय आहे."

"अगं, मग महाराजांपुढे बोलणार काय?"

"ते विचारतील त्याचं उत्तर देईन की."

शंभूभट पोट धरून हसले. असली उमेदवार त्यांनी पाहिलीच नव्हती.

इकडे देवडीवर कुणीच नसल्यानं वाड्यात नुसता गोंधळ माजला होता. मुदपाकखान्याचे बोकड दरबारात शिरले होते. वीणा वाजवणारे बुवा तबेल्यात बसून घोड्यांना राग समजावत होते. फिर्याद घेऊन आलेली एक म्हातारी सकाळपासून मुदपाकखान्यात लसूण सोलत होती, कारण तिच्या हातात कुणीतरी लसूणच दिला होता. आणि देवडीच्या दारात आडदांड उमेदवार असे अडकले होते, की धड आत जाईनात, धड बाहेर येईनात. आतून महाराज ओरडत होते, "अरे, पुढचा पाठवा कुणीतरी!"

येसूला राहवेना. भरलेली नाव डुलायला लागली, की मुहूर्त बघत बसायचं नसतं. ती ओट्यावर चढली.

"ओ पागोटेवाले, मागं सरा. जाडे काका, तुम्ही मधे या. तुम्ही भांडणारे दोघं, एक या टोकाला, एक त्या टोकाला. आणि बोकड आधी उतरवा!"

गर्दी मुकाट्यानं हलली. बोकड मुदपाकखान्यात गेले, बुवा राणीसाहेबांच्या महाली पोचले, म्हातारी लसणासकट दिवाणांपुढे उभी राहिली. मग येसू उमेदवारांना एकेक करून आत सोडू लागली.

"दोष कोणता तुझ्यात?" आतून आवाज यायचा.

"कामावाचून झोप येत नाही, महाराज."

"मग रात्री गस्त घाल. पुढचा!"

असं कितीतरी दिवस चाललं. उमेदवार संपता संपेनात. येसू पहाटे यायची, दिवेलागणीला जायची. महाराजांना वाटलं, हिला दिवाणांनी नेमलं. दिवाणांना वाटलं, महाराजांनी नेमलं. विचारायचं कुणी? आपल्या वाड्यात काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नाही, हे कबूल करायला दोघंही तयार नव्हते! उलट महाराजांच्या हाका वाढल्या. "येसू, दूध आलं का? येसू, सासरेबुवा आले तर सांग, मी शिकारीला गेलोय."

शेवटी एके दिवशी महाराज कंटाळून म्हणाले, "एकाच्याही गाठीला अनुभव नाही. अजून कितीजण उरलेत गं?"

"एकच, महाराज."

"पाठव."

येसू आत आली आणि वाकून उभी राहिली.

"कुठाय तो?"

"मीच ती."

"चेष्टा पुरे. तू तर इथं कामालाच आहेस. तुला कशाला हवी नोकरी?"

"म्हणजे या देवडीवर मी काम करते, हे महाराजांना मान्य आहे?"

"मान्य म्हणजे? रोज बघतोय. बाजाबापेक्षा काकणभर सरसच करतेस."

"मग दवंडीप्रमाणं याच देवडीचा अनुभव असलेली उमेदवार हजर आहे, महाराज."

महाराज दिवाणांकडे वळले. "निळोपंत, हिला तुम्ही नेमलंत ना?"

"मी? मला वाटलं, आपणच..."

"मग तुला नेमलं कुणी गं?"

"कुणीच नाही. नेमणुकीला अनुभव लागतो आणि अनुभवाला नेमणूक लागते. दोन्ही बाजूंनी दार बंद! म्हणून मी आधी काम केलं."

महाराजांच्या मिशा थरथरल्या. पण शब्द त्यांचाच होता आणि तो त्यांच्याच गळ्यात येऊन पडला होता. "बरं बाई, देवडी तुझी. उद्यापासून पगार सुरू."

"महाराज, अनुभव मागचा धरलात, मग पगार पुढचा कसा?"

आता मात्र महाराजांना हसू आवरेना. हसता हसता त्यांचंच पागोटं घरंगळलं. त्यांनी चांदीच्या मुठीची काठी येसूच्या हातात दिली, मागचा सगळा पगार दिला, वर मोहरांची थैली दिली आणि डोळे पुसत म्हणाले, "बाहेर निकालाची वाट बघत बसलेत, त्या सगळ्यांना दे पाठवून घरी!"